आठ इंची खाच

आमच्या कारखान्यातल्या लेथला दोनच दिशा ठाऊक होत्या. एक डावी-उजवी आणि दुसरी आत-बाहेर. वर-खाली नावाची तिसरी दिशा जगात असते, हे त्याला घडवणाऱ्या विलायती कारागिरानं त्याला कधी सांगितलंच नव्हतं. ज्या कामाला तिसरी दिशा लागते ते काम अशा यंत्रावर करू नये, एवढी अक्कल कुणालाही असते. मला नव्हती. त्यापायी माझं जमत आलेलं लग्न मोडायची वेळ आली होती, म्हणून ही हकीकत.

सोलापुरात तेव्हा कापडगिरणीच्या भोंग्यावर गाव उठायचं आणि भोंग्यावरच जेवायचं. गिरण्यांची स्वतःची मोठी दुरुस्तीखाती होती, तिथं साहेब होते, हव्या त्या दिशेला हलणारी यंत्रं होती. आमच्यासारख्या लहान कारखान्यांकडं यायचं ते उरलंसुरलं: पिठाच्या चक्क्या, तेलाचे घाणे, विहिरीवरची इंजिनं. आमचा कारखाना स्टेशनच्या अलीकडं, सरकीच्या वखारींच्या मागं होता. पत्र्याखाली एक तेलावर चालणारं इंजिन, एक भाता, एक भोकं पाडायचं यंत्र आणि हा लेथ. मालकांनी तो सरकी काढायच्या एका बंद पडलेल्या जिनातून लिलावात उचलला होता, आणि तो चालवायला मला उचललं होतं. मी चोवीस वर्षांचा होतो, एका गिरणीत पाच वर्षं उमेदवारी केली होती आणि मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटायचं.

आता खाच म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. इंजिनाचा किंवा चक्कीचा शाफ्ट म्हणजे लोखंडाचा गोल दांडा. त्यावर चाक नुसतं चढवून भागत नाही. दांडा आपला फिरत राहतो आणि चाक जागच्या जागी बसून मजा बघतं. म्हणून दांड्यावर एक लांबट खाच पाडायची, तशीच चाकाच्या भोकात पाडायची आणि दोन्हींत मिळून एक चौकोनी पोलादी पट्टी बसवायची. त्या पट्टीला आम्ही चावी म्हणतो. चावी नीट बसली की चाकाला दांड्याबरोबर फिरण्यावाचून गत्यंतर नसतं.

गावातले सगळे मिस्त्री ही खाच छिन्नीनं पाडत. दांडा दोन पायांत धरायचा, खडूची रेघ मारायची आणि दिवसभर ठोकत बसायचं. माझा हात छिन्नीवर बरा नव्हता. हे आज कबूल करतो. तेव्हा मी म्हणायचो की छिन्नी हे मागासलेलं हत्यार आहे. म्हणून मी लेथवर खाच काढायची युक्ती शोधली. एरवी लेथमध्ये दांडा फिरतो आणि हत्यार स्थिर असतं. मी उलटं केलं. दातेरी कटर लेथच्या फिरत्या जबड्यात, म्हणजे चकात, धरून फिरवायचा, हत्यार बसवायची जागा मोकळी करून तिथं दांडा आडवा बांधायचा आणि हँडल फिरवून तो कटरपुढून हळूहळू सरकवत न्यायचा. दोन दिशांत काम भागत होतं. अडचण एवढीच, की कटरचं टोक दांड्याच्या बरोबर मध्यावर यायला हवं आणि दांडा वर उचलायला यंत्राकडं काहीच सोय नव्हती.

ती तिसरी दिशा मी कागदानं तयार केली. दांड्याच्या दोन टोकांखाली दोन थर रचायचे. सगळ्यांत खाली लोखंडी पट्टी, तिच्यावर रॉकेलच्या डब्याचा पत्रा, त्यावर पोस्टकार्ड आणि अगदीच केसाएवढं कमी पडलं तर मालकांच्या सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद. पोस्टकार्डं मालकांच्या गादीखाली भरपूर होती. त्यांना आलेलं पत्र जपून ठेवायची सवय होती आणि मला ते वापरायची. कुणाला मुलगा झाला, कुणाची म्हैस मेली, कुणाला सरकी हवी आहे, सगळं माझ्या शाफ्टखाली दाबलेलं असायचं. पोस्टकार्डासारखं एकसारख्या जाडीचं पॅकिंग त्या काळात दुसरं नव्हतं, आणि सरकारला ते ठाऊक नव्हतं.

अशा रीतीनं मी चार-पाच इंचांच्या खाचा काढू लागलो. पाच इंचांपुढं मात्र जाता येईना, कारण हँडल फिरवून दांडा बांधलेली आडवी पाटी सरकायची तीच मुळी पाच इंच. मालकांनी हा तपशील वगळला आणि बाकीची गोष्ट सोलापूरभर सांगत सुटले. आमच्याकडं खाच यंत्रावर निघते, आमचा पोरगा विलायतेला शरम आणील, वगैरे. मला ते ऐकायला आवडायचं, म्हणून मीही कधी अडवलं नाही. आपली स्तुती चालू असताना मध्ये तपशील घुसवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझे वडील लहानपणीच वारले होते, आई करमाळ्याकडं गावी होती. त्यामुळं माझ्या लग्नाचं मामानं मनावर घेतलं. त्यानं होटगीतली एक मुलगी काढली. वडील रेल्वेत फिटर, घर खाऊन-पिऊन बरं, एकुलती एक मुलगी. पत्रिका जुळली होती. एका रविवारी मामा, वडीलकीच्या नात्यानं मालक आणि इस्त्रीची टोपी घातलेला मी, असे तिघं पॅसेंजरनं होटगीला गेलो.

फिटरसाहेबांचं रेल्वेचं क्वार्टर दोन खोल्यांचं. ओसरीवर एका लाकडी ठोकळ्यावर लोखंड पकडायचा शेगडा बसवलेला, भिंतीला लोखंड घासायच्या कानशी उतरत्या लांबीनं टांगलेल्या. कानशी अशा ओळीनं टांगलेल्या पाहून मला जरा धाक वाटला. आत शहाबादी फरशीवर एक टीपॉय होतं. मुलीनं शिऱ्याच्या बशा आणून त्यावर ठेवल्या तेव्हा ते एका पायावर लचकलं. तिनं त्या पायाकडं एकदा पाहिलं, कोनाड्यातला कागद घेतला, त्याच्या तीन घड्या घातल्या आणि पायाखाली सरकवला. टीपॉय गप्प झालं. पुन्हा हललं नाही.

मला सांगायला संकोच वाटत नाही, मी त्याच वेळी प्रेमात पडलो. रूप, रंग, उंची हे बघायला मामा होता. पण एका नजरेत उंची ओळखून पहिल्याच घडीत पॅकिंग बसवणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला स्वतःला चार वेळा कागद काढ-घाल केल्याशिवाय जमत नसे. मामानं तिला भाकरी येते का, वाचता येतं का असलं काहीबाही विचारलं. तिनं थोडक्यात उत्तरं दिली आणि ती आत गेली.

मग फिटरसाहेब माझ्याकडं वळले. आडव्या हाडाचा, मोठ्या मिशांचा माणूस, घरात बायकोशी अर्धं कानडी बोलायचा. त्यांनी पगार विचारला नाही, जमीन विचारली नाही. लेथ कितीचा आहे, पट्टा कुठून घेता, कटर कसला वापरता, असं सुरू केलं. मी उत्तरं देत होतो तोवर ठीक होतं. मालकांना राहवलं नाही. त्यांनी आमच्या यंत्रावरच्या खाचेचं पुराण लावलं.

फिटरसाहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "लेथ वर-खाली हालतो व्हय तुमचा?"

"न्हाय जी," मी म्हटलं. "पन आमी मेळ घालतो."

ते उठले आणि आतून फडक्यात गुंडाळलेली एक चावी घेऊन आले. आठ इंच लांब, तीन सूत म्हणजे अर्ध्या इंचाहून जरा कमी जाड. मी ती हातात घेतली. चारही बाजू कानशीच्या, यंत्राच्या नव्हेत, हे कळत होतं. पण कुठं म्हणून चढ-उतार नव्हता. खिडकीच्या उजेडात धरली तरी धार सरळ. एवढी चांगली चावी मी गिरणीतल्या साहेबाच्या टेबलावरही पाहिली नव्हती आणि मी तसं म्हटलं. आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. त्याकडं मी लक्ष दिलं नाही.

"ही चावी घिऊन जावा," फिटरसाहेब म्हणाले. "दीड इंची शाफ्टावर हिची खाच काडून आना. टोकाकडनं अंगठ्यानं ढकलली की पार शेवटापत्तुर गेली पायजे. हातोडा लावायचा न्हाय, फट दिसाय न्हाय पायजे. पुढल्या रविवारी या. करमाळ्याच्या अडतीतला एक कारकून बी बघून गेलाय, त्येला मी सोमवारी जबाब देनार हाय."

परतीच्या गाडीत मामा उखळात टाकल्यासारखा उसळत होता. आमच्या सात पिढ्यांत कुणी मुलाची परीक्षा घेतली नाही, मुलीची घ्यायची ती घ्यावी, हा काय अघोरी प्रकार, अशानं उद्या मुलाला गाणं म्हणायला सांगतील. नकार कळवतो, असंही म्हणाला. मी त्याला म्हटलं की मुलगी मला पसंत आहे. मामानं विचारलं, तिच्यात असं काय पाहिलंस. मी टीपॉयची हकीकत सांगितली. मामानं मालकांकडं पाहिलं आणि मालकांनी खिडकीबाहेर.

म्हणजे गोष्ट सरळ होती. खाच आठ इंच, यंत्राची धाव पाच इंच, आणि पलीकडं अडतीतला एक कारकून, ज्याला फक्त लिहिता येत असलं तरी पुरे होतं. त्या कारकुनाचा मला जो राग यायचा तसा पुढं आयुष्यात कुणाचा आला नाही. त्याला मी कधी पाहिलंही नाही.

आठवडाभर येणारी कामं उरकून मला वेळ मिळाला तो शनिवारी. युक्ती मी ठरवून ठेवली होती. पाच इंच खाच काढायची, मग बांधणी सैल करून दांडा पुढं सरकवायचा, कटर झालेल्या खाचेतच नेऊन बसवायचा, पुन्हा बांधायचं आणि उरलेले तीन इंच काढायचे. सकाळी सुरुवात केली. थर दोन्हीकडं सारखे, मी तीनदा तपासले. पहिले पाच इंच असे निघाले की लोण्यात सुरी घालावी. मालक एक खुर्ची घेऊन यंत्राच्या पलीकडच्या अंगाला बसले होते. होणारं काम आपण बसल्यामुळं होतंय, असा त्यांचा चेहरा होता.

दुपारी मी दांडा सैल केला, सरकवला आणि माठावर पाणी प्यायला गेलो. तेवढंच. पाणी पिऊन आलो, कटर खाचेत नेला, बोल्ट आवळले आणि हँडल हातात घेतलं. संध्याकाळी तीन इंच पुरे झाले. दांडा सोडवला, कीस झटकला, तेलाचा बोळा फिरवला आणि चावी टोकाला लावून अंगठ्यानं ढकलली. पाच इंच गेली. पुढं जाईना.

जोर लावला, जाईना. उलटी करून घातली, जाईना. मग मी दांडा डोळ्याशी धरून खाचेतून पाहिलं. पाच इंचांपर्यंत सरळ आलेली खाच तिथून पुढं कंबरेत लचकली होती. फार नाही, एखाद्या केसाएवढी, पण चावीला केस पुरतो. मी पलीकडचा थर सुटा केला. पट्टी होती, पत्रा होता आणि पोस्टकार्डाच्या जागी पिवळ्या जाड कागदाची कुणाची तरी लग्नपत्रिका दुमडून घातलेली होती.

मी मालकांना विचारलं. त्यांना काही वाईट वाटलं नाही. मी पाण्याला गेलो तेव्हा दांडा सैल होता, थरातलं पोस्टकार्ड बाहेर डोकावत होतं, त्यावरचं अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून ओढून पाहिलं, तर बार्शीच्या एका व्यापाऱ्याचं, उत्तर द्यायचं राहून गेलेलं. ते खिशात घातलं. जागा मोकळी सोडणं बरं नव्हे, म्हणून खिशातली पत्रिका तिथं सरकवली. पत्रिकेचा कागद पोस्टकार्डापेक्षा भारी असतो, असं त्यांनी वर मला समजावून सांगितलं. शुभकार्याला शुभवस्तू, असंही म्हणाले.

मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मालकांनीही ते मनाला लावून घेतलं नाही, कारण त्यांना ते पुरतं ऐकू आलं नाही. इंजिन चालू होतं. पण माझी चूकच होती. बोल्ट आवळण्याआधी थर पुन्हा तपासायचे असतात, हे पहिल्या वर्षीच्या उमेदवारालाही कळतं. मी खुशीत होतो आणि खुशीत असलेला लेथवरचा टर्नर कामाला हात लावायच्या लायकीचा नसतो.

आता दुसरा दांडा घ्यायला दिवस उरला नव्हता. उद्या सकाळची पॅसेंजर होती. खाच छिन्नीनं रुंद करावी, तर माझा छिन्नीचा हात मी सांगितलाच आहे. लपवता येणार नाहीत असे घाव पडले असते. मग माझी नजर चावीवर गेली. तिचे पुढचे तीन इंच एका बाजूनं केसभर उतरवले की ती त्या लचकलेल्या भागातून जाणार होती. फट पडली असती ती केसाएवढी. काळं ग्रीस चोळलं की संपलं.

दुसऱ्यानं मापाला दिलेल्या वस्तूला कानस लावणं हे आमच्या धंद्यात पाप आहे. शेजाऱ्याच्या वजनातलं शिसं खरवडण्यासारखंच ते. मला हे पक्कं ठाऊक होतं. मी पाच मिनिटं चावीकडं पाहत उभा राहिलो. डोळ्यांपुढं तो कारकून आला, कानावर टाक ठेवलेला. मी बारीक कानस काढली.

काम मी छान केलं, हीच त्यातली लाजिरवाणी गोष्ट. वर पॉलिशचा कागद फिरवला, तेल लावलं. चावी अंगठ्यानं ढकलली तशी सर्रकन शेवटपर्यंत गेली. मालक म्हणाले, बघ, पत्रिकेचा गुण.

रविवारी आम्ही दांडा सोलापुरी चादरीत गुंडाळून गाडीत घेतला. सहा-सात शेर वजन, दोन फूट लांबी. मी तो मांडीवर आडवा घेऊन बसलो होतो. समोर बसलेल्या म्हातारीनं तोंडावरचं पांघरूण जरा काढा, पोराला वारा लागू द्या, असं सुचवलं. मामानं तिला सांगितलं की पोर लोखंडाचं आहे. ती उठून दुसरीकडं जाऊन बसली.

फिटरसाहेबांनी दांडा ओसरीवर घेतला, फडक्यानं पुसला आणि चावी टोकाला लावली. त्यांनी अंगठ्यानं ढकललं आणि चावी शेवटपर्यंत गेली. त्यांनी ती काढली, पुन्हा घातली. पुन्हा गेली. "हौदु," ते स्वतःशीच कानडीत म्हणाले, म्हणजे बरोबर आहे. मालकांनी मिशीवर हात फिरवला. मामा नारळाच्या पिशवीची गाठ सोडू लागला. मला वाटलं सुटलो, आणि मी त्या कारकुनाला मनातल्या मनात माफ करून टाकलं.

फिटरसाहेबांनी चावी दारात उभ्या असलेल्या मुलीच्या हातात दिली आणि आत ठेवायला सांगितलं. ती आत गेली नाही. तिनं चावीवरून अंगठा फिरवला. तो तीन इंचांवर येऊन थांबला. मागं नेला, पुन्हा आणला, पुन्हा तिथंच थांबला. मी तिच्या अंगठ्याकडं पाहत होतो.

ती कुणाकडं न बघता म्हणाली, "माज्या चावीला कानस कुनी लावली?"

मालकांना तर प्रश्नच कळला नसावा. मला मात्र त्यातला पहिलाच शब्द लागला. मी फिटरसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी मिशीखालून सांगितलं की चावी तिचीच, आपण फक्त माप दिलं होतं. घरात मुलगा नाही, आठव्या वर्षापासून शेगड्याशी हीच बसते, आणि आता तिचा हात आपल्याहून बरा आहे. ते सांगताना त्यांना थोडा अभिमान वाटत होता आणि थोडं अवघडल्यासारखंही झालं होतं.

म्हणजे गेल्या रविवारी मी जी तोंडभरून वाखाणली ती हिची चावी, आणि काल संध्याकाळी जी खरवडली तीही हिचीच. मामानं तेवढ्यात तोंड घातलं की गाडीत घासली असेल, रेल्वेचे रूळ हल्ली फार खराब आहेत. रेल्वेच्या फिटरच्या ओसरीवर बसून त्यानं हे सांगितलं. मालक पत्रिकेबद्दल काही सांगायला तोंड उघडणार, असं मला दिसलं. आता गप्प राहिलो तर हे दोघं मला वाचवता वाचवता बुडवणार, हेही दिसलं.

"मी लावली," मी म्हटलं. "खाच वाकडी झाली. माजी चूक."

"मग वाकडी आनायची," ती म्हणाली. हे मात्र तिनं माझ्याकडं बघून म्हटलं. "खाच तुमची व्हती. चावी न्हवती तुमची."

एवढंच ती बोलली. मला गिरणीत साहेबांनी हासडलेल्या शिव्या आठवतात, मालकांनी ऐन पावसाळ्यात केलेला पाणउतारा आठवतो. पण त्या दोन वाक्यांनी जेवढी लाज वाटली तेवढी कशानंच वाटली नाही. मी टोपी काढून हातात घेतली. आता निघावं, एवढंच सुचत होतं. मामा आधीच पिशवीला पुन्हा गाठ मारत होता.

तेवढ्यात ती ओसरीवर उतरली. ठोकळ्याखालून तीन सुतांची एक कोरी पट्टी काढली, शेगड्यात आवळली, भिंतीवरची एक कानस काढून पट्टीशेजारी ठेवली आणि वडिलांना म्हणाली की वाकड्या खाचेला आता वाकडी चावी करून द्यायला सांगा. खाचेला हात लावायचा नाही. वरून बसवली तरी चालेल, पण फट दिसता कामा नये. फिटरसाहेबांनी माझ्याकडं पाहून नुसते हात पसरले. मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

चैत्रातली दुपार होती. पत्र्याच्या सावलीतही शेगडा हाताला चटके देत होता. मी कानस चालवत होतो आणि ती उंबऱ्यात सूप घेऊन ज्वारी निवडत बसली होती. ज्वारी तिनं किती निवडली कुणास ठाऊक; माझी कानस जरा तिरपी गेली की सुपाचा आवाज बंद व्हायचा. तो बंद झाला की मी कोन सुधारायचा, मग पुन्हा सुरू. दोन तास आमचं संभाषण असं चाललं. मालक भिंतीला टेकून घोरू लागले. मामा मध्येच जागा होऊन किती राहिलं विचारायचा आणि पुन्हा झोपायचा. घरातून ताकाचे पेले आले. तेवढा वेळ मात्र तिनं मला थांबू दिलं.

सरळ पट्टी घडणं सोपं. केसभर वाकवून घडणं म्हणजे दोन बाजूंना दोन वेगळे झोल सांभाळायचे. एकीकडं काढावं तर दुसरीकडं कमी पडायचं. तिसऱ्या तासाला चावी सहा इंचांपर्यंत खाचेत बसली आणि शेवटचे दोन इंच वर उचलून राहिली. मी काढून घासलं, घातलं, पुन्हा काढलं. आता एक जरी जादा हात फिरला तर चावी सैल होणार आणि सगळी दुपार वाया जाणार, हे मला कळत होतं. पण कुठं घासायचं ते कळत नव्हतं. मी कानस पट्टीवर टेकवली आणि तशीच धरून उभा राहिलो.

सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सरका," ती म्हणाली.

मी सरकलो. तिनं कानस माझ्या हातातून घेतली, पदर खोचला आणि पट्टीवर अंगठा फिरवला. कुठं अडतंय ते अंगठ्यानं पाहिलं, डोळ्यांनी नाही. मग चार हात इकडून, दोन तिकडून. शेगडा सोडून चावी काढली, फुंकरली आणि दांड्यावर वरून ठेवून दाबली. टक असा बारीक आवाज झाला आणि वाकड्या खाचेत वाकडी चावी बसली. तिनं दांडा उजेडाकडं धरून मला दाखवला. कुठंही फट नव्हती.

मला रडू आलं. घामाच्या निमित्तानं मी टोपीनं तोंड पुसून घेतलं, पण फिटरसाहेबांनी पाहिलं असावं. ते उगाच मिशी कुरवाळत अंगणाकडं बघू लागले.

मामा आता पुरता जागा झाला होता. त्यानं घसा खाकरून विचारलं की पाव्हणं, मग आम्ही काय समजायचं, होय की नाही.

"मला काय इचारता?" फिटरसाहेब म्हणाले. "चावी तिनं बसवली न्हवं का."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती भिंतीवर कानस टांगत होती. पाठ आमच्याकडं ठेवूनच ती वडिलांना म्हणाली, "आदी सरळ खाच काडाय शिका म्हनावं. जेठापत्तुर येळ हाय की."

मामानं पिशवीतून नारळ काढला. पण तिनं मला बजावलं होतं ते खरंच होतं, आणि मीही त्याकडं दुर्लक्ष केलं नाही. त्या दिवसापासून मालकांची खुर्ची यंत्रापासून दहा हातांवर गेली आणि गादीखालच्या पोस्टकार्डांना त्यांनी हात लावायचा नाही असं ठरलं. पहिला आठ इंची दांडा मी पंधरा दिवसांत होटगीला पाठवला. तो परत आला. सहाव्या इंचावर खडूची फुली होती. दुसऱ्यावर फुली, तिसऱ्यावर एक लहानशी फुली. चौथा परत आला तेव्हा खडू कुठंच नव्हता. त्याच्या खाचेला हळद लावलेली होती.